पाण्यात पाहण्याच्या हार्दिक शुभेच्छा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, मटण खाता का हेसुद्धा विचारलं नाही. ते शिडीवर उभे राहून जिन्याच्या भिंतीवर ब्रशनं काहीतरी लिहीत होते. मागं न वळताच म्हणाले, "गोगलगाय बघितलीस काय कधी?"

मी गारगोटीची. "बघितलीय की. आमच्याकडं ढिगानं असतात."

"पाय किती असत्यात?"

मी जरा आठवून बघितलं. "एकच. पोट हाच तिचा पाय."

ते शिडीवरून खाली उतरले. ब्रश पुसला. पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "म्हंजे पोटात पाय ही म्हण खरी हाय. इतकी वर्षं खात्री करायची ऱ्हायलीती. खोली तुझी. शनवारी सामान आण."

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही म्हणायला लागले. आप्पा पाट्या रंगवणारे पेंटर. कोल्हापुरातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरचे 'नाद खुळा' आणि तालमीच्या भिंतीवरचे पैलवान त्यांच्या हातचे. मग फ्लेक्स आला आणि आप्पांच्या हाताला काम उरलं नाही. रिकाम्या हाताचा माणूस एकतर चहाच्या गाडीवर बसतो नाहीतर विचार करायला लागतो. आप्पा विचार करायला लागले, आणि ते त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, फार महागात पडलं.

जिन्याच्या त्या भिंतीवर दोन रकाने होते. डावीकडं मथळा 'हयात', उजवीकडं 'कैलासवासी'. खाली म्हणी आणि वाक्प्रचार. ज्या म्हणीतला प्राणी, पक्षी किंवा झाड आप्पांना वर्षभरात दिसलं नाही, ती म्हण उजवीकडं जायची. 'गिधाडासारखं तुटून पडणं' केव्हाच गेलेलं होतं. 'लांडगा आला रे आला'ही गेलं होतं. आणि उजवीकडची म्हण त्या घरात वापरायची नाही, हा कायदा. एकदा मी एका लग्नाच्या पंगतीचं वर्णन करताना गिधाडं काढली तर आप्पांनी ताटावरून हात वर केला. "कवा बघितलीस?"

"आप्पा, बोलायची पद्धत आहे ती."

"मेलेल्या माणसाची साक्ष काढत्यात काय कोर्टात? मग मेलेल्या गिधाडाची का काढत्येस?"

पंगत तशीच तुटून न पडता जेवली, असं मी पुढं सांगितलं.

काकूंचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं. नवऱ्याचा कायदा फक्त मराठीला लागू आहे हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. भांडण रंगात आलं की त्या सरळ कानडीत शिरायच्या आणि तिथं त्यांना हवे ते प्राणी मोकळे हिंडत असायचे. मराठीत असताना मात्र त्या जपून. एकदा म्हणाल्या, "घुबडासारखं तोंड करून काय बसलाय?" आप्पांनी ठरलेला प्रश्न टाकला, "घुबड कवा बघितलंस?" काकू म्हणाल्या, "रोज बघत्ये की, समोर." ती म्हण डावीकडंच राहिली.

घरामागं ओढा होता. खरंतर तो ओढा असल्याचं फक्त जुन्या सातबाऱ्यावर आणि आप्पांच्या बोलण्यात उरलं होतं, बाकी सगळे त्याला नाला म्हणायचे. एके दिवशी आप्पांना तिथं खेकडा दिसला. 'खेकड्याची वृत्ती' उजवीकडून खोडून डावीकडं आली आणि आप्पांनी गल्लीत जिलेबी वाटली. लोक घरातून बाहेर येऊन विचारायला लागले, "व्वा! मुलगा झाला का मुलगी?"

"खेकडा," आप्पा म्हणाले आणि पुढच्या दारात गेले.

मी ज्या संस्थेत काम करायची ती त्याच ओढ्याला पुन्हा जिवंत करायला निघाली होती. आताशा निसर्गाला बरे दिवस आले आहेत. पूर्वी उद्घाटनाला आडवी येतात म्हणून झाडं तोडायचे, आता उद्घाटनालाच झाड लावतात. लग्नात आहेर म्हणून रोप देतात, आणि नवरा-नवरी ते हातात घेऊन आता ह्याचं काय करायचं अशा चेहऱ्यानं फोटोला उभी राहतात. ज्यांनी जन्मभर ओढ्यात कचरा टाकला तेच रविवारी हातमोजे घालून तो काढायला येतात आणि सेल्फीत सगळ्यांच्या पुढं असतात. मी चिडून हे आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "टाकताना फोटो काढला न्हाई त्यांनी, काढताना काढत्यात. हे चांगलंच हाय की."

काठावरच्या झाडांना नावाच्या पाट्या हव्या होत्या. मी आप्पांचं नाव सुचवलं. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी त्यांना झाडाचं मराठी नाव, शास्त्रीय नाव, उपयोग अशी यादी दिली. आप्पांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि पाट्या आपल्या मनानं केल्या. उंबराला, 'ह्याचं फूल दिसलं तर कळवणे.' अळूच्या वाफ्याला, 'पाणी टिकत नाही, प्रयत्न करू नये.' आणि काठाच्या वरच्या अंगाला स्वतःच खपून त्यांनी वीतभर उंचीचा हरभरा लावला, त्याला चौरंगाएवढं कुंपण केलं आणि पाटी ठोकली, 'हरभऱ्याचं झाड. मान्यवरांनी जपून चढावे.'

आमच्या भागात एक भावी नगरसेवक होते. मी त्यांना ओळखते तेव्हापासून ते भावीच आहेत. ते पाहणीला आले, पाटी वाचली, मनापासून हसले, आणि कुंपणाच्या आत पाय ठेवून हात जोडून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो फोटो चौकात फ्लेक्सवर लागला, पाटीसकट. आप्पा तो बघायला दोन वेळा जाऊन आले. म्हणाले, "म्हण पुरी झाली."

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ह्या म्हणीसाठी त्यांनी शेवगा लावला, कारण शेवग्याची फांदी कच्ची. झाड मोठं झाल्यावर रोज सकाळी खुर्ची टाकून ते कावळ्याची वाट बघायचे. कावळे यायचे, बसायचे, उडून जायचे. फांदी ढिम्म. मग एका दुपारी, आसपास एकही कावळा नसताना, फांदी कडाकडा मोडून माझ्या स्कूटीवर पडली. आरसा फुटला. आप्पा धावत आले, वर बघितलं, आणि हळहळले. "फांदी आली, कावळा गैरहजर." माझ्या आरशाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. त्या दिवशी मला त्यांचा मनस्वी राग आला होता आणि तो आठवडाभर टिकला.

आता पलीकडच्या काठाबद्दल सांगायला हवं. ओढ्यापलीकडं आप्पांचे थोरले भाऊ राहायचे, सगळ्यांचे दादा. वडिलांच्या माघारी अलीकडचं घर धाकट्याला आणि पलीकडचं थोरल्याला आलं होतं. त्यात काही भांडण नव्हतं. पण दादांनी पलीकडं, आप्पांच्या मागच्या खिडकीतून बरोबर दिसेल असं, फ्लेक्स छापायचं दुकान काढलं. धाकटा भाऊ पाट्या रंगवून जगतो हे माहीत असताना काढलं. त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. मी राहायला गेले तेव्हा ह्या अबोल्याला इतकी वर्षं झाली होती की गल्लीतल्या लहान पोरांना ते भाऊ आहेत हेच ठाऊक नव्हतं.

काकू एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दोघंबी ह्याच वढ्यात पवायला शिकल्यात. थोरल्यानं धाकट्याला पाठीवर घिऊन शिकिवलंय. सांगून बघ, पटायचं न्हाई तुला." मला खरोखरच पटलं नाही.

आणि मग कळलं की ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग करावं असा अर्ज पलीकडच्या काठानं दिलाय. पहिली सही दादांची. दुकानाला गाड्या लावायला जागा नव्हती, गिऱ्हाईक परत जायचं. ओढा उघडा ठेवायचा की झाकायचा हे ठरवायला एक समिती होती. स्लॅब पडला असता तर आमची सगळी मेहनत त्याखाली गेली असती. मी घाबरतच आप्पांना सांगितलं. वाटलं, आता म्हणींचा हिशेब काढतील, बेडूक, बगळा, खेकडा सगळे मोजतील. ते खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत एक मोठा पत्रा रंगवून बाहेर आले. तो त्यांनी काठावर, पलीकडं तोंड करून, उंबराखाली रोवला. टपोरी अक्षरं, लाल रंग.

'इथली माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात.'

ती शिवी होती. गल्लीत सगळ्यांना समजली. दादांनाही समजली असणार, कारण त्यांच्या दुकानाची ओढ्याकडची खिडकी दुसऱ्याच दिवशी बंद झाली.

त्याच आठवड्यात हॉलंडच्या बाई आल्या. पाण्याच्या तज्ज्ञ. ओढे, नद्या मोकळ्या करण्याची कामं त्यांनी देशोदेशी केलेली, आणि समिती त्यांचं ऐकणार होती. दुभाषी मी. आप्पांना त्या फार आवडल्या, पण त्यांची भाषा त्यांना संशयास्पद वाटली. समिती काय करेल असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की आमच्यात म्हणतात, मांजर झाडावरून उतरेपर्यंत बघत राहायचं. मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आप्पा उंबरात मांजर शोधायला लागले. अर्थ समजल्यावर म्हणाले, "बघत बसायचं? मग काम कुणी करायचं, मांजरानं?" मग बाईंनी आणखी एक सांगितली. कुणाचं खरं बिंग फुटलं की त्यांच्याकडं म्हणे बाहीतून माकड बाहेर येतं.

"तुमच्याकडं माकडं हायत?" आप्पांनी विचारलं.

"रानात नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग उसनी आणलीसा. आमच्याकडनं न्या, लई हायत." नंतर मला एकटीला म्हणाले, "ज्या गावात जे चरतं तेच तिथल्या तोंडात येतं. हिच्या गावात माकड चरत न्हाई. म्हण चोरीची हाय."

परत निघताना बाईंना ती लाल पाटी दिसली. त्यांनी मोबाइल पाटीवर धरला. मोबाइलनं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. बाई तिथंच उभ्या राहिल्या. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "आमचा देश पाण्यानं भरलाय, पण आम्ही पाण्यात फक्त स्वतःलाच बघतो. तुम्ही लोक एकमेकांना बघता. हे खरं आहे?"

मी दुभाषी. खरा अर्थ सांगणं हे माझं काम. माझ्यामागं स्लॅबचा अर्ज, समोर ओले डोळे. मी म्हणाले, "हो. फार जुनी पद्धत आहे."

तसं ते खोटंही नव्हतं. कोल्हापुरात एकमेकांना पाण्यात पाहण्याची परंपरा फार जुनी आहे.

महिन्याभरात पत्र आलं. बाई आणि समिती मिळून ती पद्धत बघायला येणार होत्या. लोकांचं पाण्याशी असं नातं असेल तर ओढा झाकण्याचा प्रश्नच नाही, असं बाईंनी समितीला लिहिलं होतं. संस्थेच्या प्रमुखांनी मला बोलावून विचारलं, "ही कुठली पद्धत?" मी खरं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "आता दाखवावी लागेल."

मी आप्पांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ पाटीकडं बघत बसले. मग म्हणाले, "पाण्यात बघायचं म्हंजे आधी पाणी दिसाय पायजे. चल." दुसऱ्या दिवसापासून धोतर खोचून ते ओढ्यात उतरले. सांडपाण्याच्या तोंडाशी कर्दळ आणि वाळा लावला, गाळ उपसला, उंबराखाली छोटा बांध घालून डोह केला. वयाला न शोभणारं काम. मी काळजीनं बोलले तर काकू म्हणाल्या, "कै केसरादरे बायि मोसरु. हात चिखलात गेला तर तोंडात दही पडतंय. करू दे की." आणि त्याही लुगडं वर खोचून उतरल्या. हिवाळा संपता संपता डोहात तळाचे खडे दिसायला लागले. पण पाण्यात पाहायला दोन काठ लागतात आणि पलीकडच्या काठावरून कुणी येईल असं दिसत नव्हतं. सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं. दादांचं नाव काढलं की आप्पा म्हणायचे, "त्यो याचा न्हाई. आन आला तर मी जायाचा न्हाई."

बातमी भावी नगरसेवकांच्या कानावर गेली. सोहळा म्हटला की फ्लेक्स आलाच. समिती येण्याच्या आदल्या दिवशी पलीकडच्या काठावर, दादांच्याच दुकानात छापलेला, बारा फुटी फ्लेक्स उभा राहिला. शब्द छापला तसाच देते आहे:

'समस्त नागरिकांना पाण्यात पाहण्याच्या हार्दिक शुभेच्या!'

सोहळ्याला गर्दी लोटली. कोल्हापुरात कशासाठी जमलोय हे समजण्याआधी लोक फेटा बांधतात. हलगी कडाडत होती. भावी नगरसेवकांनी माइकवर शिस्त सांगितली, "पयल्यांदा फेटेवाले पाण्यात बघतील, मग बिगरफेटेवाले. धक्काबुक्की नको." आमच्या शेजारच्या एक मावशी पुढं यायला तयार होईनात. म्हणाल्या, "माझ्या जावंला मी काय आज बघत न्हाई. लगीन झाल्यापासनं बघत्ये." बाई प्रत्येकाला नमस्कार करत होत्या. समितीतले एक गृहस्थ, मराठीच, तोंडावर रुमाल धरून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. माझा जीव टांगणीला लागलेला. ह्या माणसानं समितीत जाऊन खरा अर्थ सांगितला की संपलं.

बाईंनी विचारलं, "ती पाटी लिहिणारे कुठं आहेत?" आप्पा पाटीमागं लपून बसले होते.

तेवढ्यात पलीकडच्या फ्लेक्सची खालची दोरी सुटली. फ्लेक्स सळसळत खाली आला आणि त्याचं टोक डोहात पडलं. पाहुण्यांसमोर आपल्या दुकानचं काम पाण्यात गेलेलं कुठल्या माणसाला बघवेल? बंद खिडकीमागून दादा तिरीमिरीत बाहेर आले, पॅन्ट वर करत काठावर वाकले आणि टोक ओढायला लागले. आणि फ्लेक्स पडल्याचा आवाज आला तेव्हा आयुष्यात एकदा तरी हे डोळे भरून बघावं म्हणून आप्पा पाटीमागून निघाले आणि अलीकडच्या काठावर वाकले.

फ्लेक्स बाजूला झाला. पाणी थांबलं. हलगीवालाही थांबला.

"म्हातारा झालास की रं," दादा पाण्याला म्हणाले.

"तू काय कवळा ऱ्हायलास व्हय?" आप्पा पाण्याला म्हणाले.

"दात कुठं गेलं तुझं?"

"तुझ्या फ्लेक्सवर. तिथं सगळ्यास्नी बत्तीस असत्यात."

मग आप्पा म्हणाले, "शुभेच्छा चुकलंय. छ पायजे."

दादांनी मान वळवून फ्लेक्स वाचला, पुन्हा पाण्याकडं बघितलं. "पोरानं छापलंय. फुडल्या येळंला तुला दाखवीन आधी."

मी रडत होते. मला त्याची लाज वाटत नाही. बाई माझा हात धरून विचारत होत्या, काय म्हणाले, काय म्हणाले? मी इतकंच म्हणाले, "एक अक्षर चुकलं होतं."

वाटलं होतं, आता दादा चहाला येतील. तसं काही झालं नाही. दोघंही हट्टाचे पक्के. रोज संध्याकाळी ते आपापल्या काठावर बसायचे, डोहात बघायचे आणि बोलायचे. तब्येत, पोरं, जुन्या पाट्या, सगळं पाण्यातून. समोर मात्र एकदाही नाही. रस्त्यात गाठ पडली तर तोंडं फिरवून पुढं. एकदा मंडईत दोघं अगदी अंगावर आले, तर रसवाल्याच्या बादलीत बघून "बरं हाय न्हवं?" एवढं बोलून दोन दिशांना गेले. मी स्वतः बघितलंय, नाहीतर मलाही पटलं नसतं.

समितीच्या बैठकीत दादांनी स्लॅबचा अर्ज मागं घेतला. अध्यक्षांनी कारण विचारलं. दादा उभे राहिले आणि म्हणाले, "वर स्लॅब पडला तर मला धाकट्याशी तोंडाकडं बघून बोलाय लागंल. ते आपल्याच्यानं जमायचं न्हाई." कारकुनानं लिहून घेतलं, 'वैयक्तिक कारण'. ओढा उघडा राहिला. तो रुमालवाला गृहस्थ बैठकीत काहीच बोलला नाही.

मी बाईंना शेवटी सगळं खरं लिहून कळवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. लिहिलं होतं, माकड बाहीतून बाहेर आलं, पण पाटी काढू नका. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता माकड तिचं."

पुढं मला दुसऱ्या गावी काम मिळालं. खोली सोडायच्या दिवशी किल्ली द्यायला मागं गेले. वरच्या अंगाला पुलाचं काम निघालं होतं, जेसीबीनं काठ उकरला होता, आणि डोहातलं पाणी चहासारखं गढूळ झालं होतं. आप्पा अलीकडं बसले होते, दादा पलीकडं. दोघंही सवयीनं पाण्यात बघत होते. मी किल्ली घेऊन उंबरापाशीच थांबले.

"आज काय दिसत न्हाई," दादा म्हणाले.

आप्पांनी पाण्यात एक काडी टाकली, ती कुठं गेली तेही दिसलं नाही.

"चार-आठ दिस असंच ऱ्हाणार म्हणं," दादा म्हणाले. "जेसीबीवाला सांगत हुता."

"आठ दिस?"

"व्हय."

आप्पांनी धोतराला हात पुसले.

"मग वर बघ की," ते म्हणाले.

दादांना जरा वेळ लागला. पण त्यांनी बघितलं.